वीरगळाभोवती शोधखेळ: दगड शेवटी नको, मधे ठेवा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातल्या शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पाचवी ते आठवीच्या चाळीसेक मुलांसाठी 'खजिना शोध' ठेवायचा आहे. मारुतीच्या देवळामागे एक कोरीव दगड उभा आहे, बहुतेक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. गावात कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, त्याला दोरी बांधून धुणं वाळत घालतात. खेळाचा शेवट त्या दगडापाशी करायचा, बक्षिसाचा डबा तिथंच पुरायचा आणि दगडावर क्यूआर कोड चिकटवून माहिती द्यायची, असा बेत आहे. चिठ्ठ्या किती कराव्यात, कुठं लपवाव्यात, परवानगी लागते का?

सर, बेत चांगला आहे, पण त्यातल्या तीन गोष्टी मी बदलायला सांगणार: शेवट, पुरणं आणि चिकटवणं. गेली चौदा वर्षं बेळगाव आणि आसपासच्या गावांत पोरांना घेऊन मी हे उद्योग करतोय. तिन्ही चुका मी स्वतः केल्यात, त्यामुळे हक्कानं सांगतो.

तुम्ही विचारलंय चिठ्ठ्यांचं, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. ज्या दगडावर रोज धुणं वाळतं, त्याच्यासमोर चाळीस पोरं दहा मिनिटं उभी कशी राहतील? डबा शोधायला पोरं कुठंही पळतात, त्याची काळजी नको. थांबवणं अवघड असतं.

माझ्या पहिल्या खेळात मीही दगड शेवटी ठेवला होता. बेळगावच्या पश्चिमेकडचं गाव, तळ्याच्या बांधावर सुंदर वीरगळ, त्याच्या पाठीमागे गोणपाटाखाली डबा. पहिला गट धापा टाकत आला, गोणपाट उचकटलं, डबा घेतला, आरडाओरडा केला आणि पळाला. त्यांच्या मागून आलेले गट तोंड पाडून परत फिरले. संध्याकाळी मी जिंकलेल्या गटाला विचारलं, "दगडावर गाई किती होत्या रे?" एक पोरगा म्हणाला, "गाई होत्या काय सर?" झालं. चार दिवसांची मेहनत, आणि दगड पहिल्यासारखाच न बघितलेला.

तेव्हापासून मी दगडाला मुक्काम करत नाही, किल्ली करतो. उत्तरं दगडावर, पण पुढची जागा दुसरीकडे. आणि एकदा नाही, तीनदा त्याच दगडाकडे परत यायला लावतो. पहिल्यांदा पोरं दगड बघतात, दुसऱ्यांदा चौकट शोधतात, तिसऱ्यांदा आपण न विचारलेल्या गोष्टी एकमेकांना दाखवायला लागतात. या तिसऱ्या फेरीसाठीच सगळा खटाटोप.

आता तो दगड आधी तुम्ही वाचायला हवा. वीरगळ खालून वर वाचतात, वरून खाली नव्हे. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवून नेण्याचा प्रसंग असतो, तिथंच तो वीर पडलेला दिसतो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी, कधी नंदी. अगदी माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते दोघं आहेत तोवर याची कीर्ती राहील. बहुतेक दगडांवर तीन किंवा चार चौकटी असतात, पण तुमच्या दगडाची खालची चौकट जमिनीत गेलेली असू शकते. गावोगाव रस्ते आणि अंगणं वर आली आणि लढाया मातीखाली गेल्या. ती बघायला म्हणून खणू मात्र नका, त्याबद्दल पुढे.

यावरून मी केलेलं एक कोडं देतो, हवं तर तसंच वापरा:

पायाशी लढाई, छातीशी वरात,
माथ्यावर जागती एक दिवस, एक रात.
वाचायचं मला तर खालून वर ये,
जितके माझे मजले, तितक्या गल्ल्या मोज नि डावीकडे घे.

चाल फार चांगली नाही, मान्य. पण काम करते. 'वरात' म्हणजे अप्सरांची चौकट हे कळायला दगडासमोर उभं राहून वाद घालावा लागतो, आणि मजले मोजल्याशिवाय पुढची गल्ली सापडत नाही. घरी बसून फोनवर शोधून हे सुटत नाही. प्रत्येक कोड्याला मी हीच कसोटी लावतो: उत्तर दगडाला न बघता मिळत असेल तर ते कोडं फाडून टाकायचं.

मोजायला काय द्यायचं, यात फार सांभाळा. झिजलेल्या दगडावर गाई मोजायला दिल्या की एका गटाला पाच दिसतात, दुसऱ्याला सहा, आणि मग भांडण तुमच्याकडे येतं. एकदा अशा सहाव्या गाईवरून दोन गटांचे पालकसुद्धा तावातावानं बोलायला लागले होते. ती गाय नव्हतीच, दगडाचा टवका होता. म्हणून चौकटींची संख्या, वीराचं तोंड डावीकडे की उजवीकडे, ढाल कुठल्या हातात, चंद्रकोर कुठल्या बाजूला असं काहीतरी विचारा, ज्यावर दुमत होणार नाही. आणि तुम्ही मोजलेलं धरू नका. ज्यांनी तो दगड कधी नीट पाहिला नाही अशा तिघांना वेगवेगळं नेऊन विचारा. माझ्या बाबतीत हे काम माझी आत्या करते. तिला जे दिसत नाही ते कोड्यात जात नाही.

दिसणं उजेडावर असतं. दुपारी बारा-एकला समोरून ऊन आलं की कोरीव काम सपाट होतं, दगड कोरा वाटतो. सकाळी साडेसात-आठला किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं आलं की त्याच दगडातून घोड्याचा लगाम वर येतो. झेंडावंदनानंतर लगेच खेळ सुरू केलात तर वेळ बरोबर जुळते. मात्र जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दगडाचं तोंड उत्तरेला असेल तर त्यावर ऊन येणारच नाही. मग प्रत्येक गटाला एक टॉर्च द्या आणि ती समोरून नाही, दगडाच्या कडेला टेकवल्यासारखी बाजूनं मारायला शिकवा. पोरांना हा जादूचा प्रयोग वाटतो. खडू, पीठ, तेल, रंग लावून आकृती उठवायच्या भानगडीत पडू नका. खडूची भुकटी झिजलेल्या रेषांत बसते आणि घासून काढताना रेषाही जाते.

उजेडावरून आणखी एक गोष्ट. १९७९ साली इंग्लंडमध्ये एका चित्रकारानं सोन्याचा ससा जमिनीत पुरला आणि त्याचा ठावठिकाणा चित्रांत लपवला. उत्तर काय, तर एका बागेतल्या जुन्या स्मारक-क्रूसाची सावली विषुवदिनी भर दुपारी जिथं टेकते ती जागा. ही कल्पना तुमच्या दगडावर झकास बसते, कारण सावली कुणाला हलवता येत नाही आणि चिठ्ठी लपवावी लागत नाही. फक्त आपल्याकडचा हिशोब वेगळा. बेळगाव भागात २६ जानेवारीला सूर्य डोक्यावर, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर, घड्याळाच्या बाराला येत नाही, साधारण पाऊण वाजता येतो. मुख्य कारण म्हणजे आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्या वेळी ४ फूट उंच दगडाची सावली जवळपास पावणेतीन फूट, सरळ उत्तरेला पडते. आठवीच्या पोरांना हे आदल्या दिवशी काठी रोवून करून बघायला लावा. विज्ञानाचा तास वेगळा घ्यायला नको. मेच्या पहिल्या आठवड्यात हाच प्रयोग केलात तर भर दुपारी सावलीच नाहीशी होते, तेही पोरांना सांगून ठेवा.

त्या इंग्रज सशाची बाकीची गोष्ट मात्र इशारा म्हणून घ्या. लोकांनी भलत्याच ठिकाणी जाऊन खड्डे पाडले, आणि १९८२ साली ज्यानं ससा बाहेर काढला त्यानं कोडं पुरतं सोडवलंच नव्हतं.

आपल्याकडे खड्ड्यांचं प्रकरण याहून वाईट आहे. तुम्ही त्याच भागातले आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको: 'निधी'. जुना दगड म्हणजे खाली हंडा, हे डोक्यात बसलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. अमावास्येला लिंबू, हळद-कुंकू आणि पहार घेऊन रात्री कोण येतं ते कुणी सांगत नाही, सकाळी खड्डा तेवढा दिसतो. माझ्या तिसऱ्या की चौथ्या खेळात मी हौसेनं फलक लावला होता, 'चला, गावचा खजिना शोधूया!' खाली दगडाचा फोटो. खेळ मस्त झाला. आठवड्यानं गावातून फोन आला, "सर, तुमच्या दगडाच्या बुडाला कुणीतरी खणलंय." जाऊन बघितलं तर हातभर खोल खड्डा, दगड कलंडलेला, खालच्या चौकटीवर पहारीचे दोन ताजे पांढरे घाव. एक म्हातारे अण्णा तिथं उभे होते. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं हितं काय न्हाई म्हणून सगळे गप होते." कोण आलं होतं ते आजवर कळलं नाही. पण फलकावर तो शब्द मी लिहिला होता.

म्हणून 'खजिना' शब्द नको. मी 'दगड वाचा' म्हणतो, काही शाळा 'शोधयात्रा' म्हणतात. काहीही पुरायचं नाही, मुलांना माती उकरायला लावायची नाही, आणि दगडाचा फोटो जागेच्या नावासकट व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही. खेळाच्या सुरुवातीलाच मोठ्यांदा, गावकऱ्यांच्या कानावर जाईल असं सांगा की या दगडाखाली काही नाही, जे आहे ते दगडावर आहे. कायदाही माहीत असू द्या. निखात निधी कायद्यानं जमिनीत दडलेली किमती वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं; १८७८ च्या मूळ कायद्यात तर १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तूही कळवायची होती. हे पोरांना सांगितलं की ती खो खो हसतात, पण लक्षात ठेवतात.

परवानगीचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. दगड केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल तर त्या खात्याला विचारल्याशिवाय काही करू नका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर घ्या. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात त्यांचा मंत्री बिचिराजानं बांधलेली, आणि तिथल्या छतातलं दगडी कमळ बघायला मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. पण ते संरक्षित स्मारक आहे, पूजेची जागाही आहे, आणि किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे. तिथं मी चिठ्ठ्या ठेवत नाही, पोरांना आत नेऊन फक्त बघायला लावतो आणि प्रश्न बाहेर येऊन विचारतो. तुमच्या तालुक्यातल्या हलशीच्या आणि कित्तूरजवळच्या देगावच्या कदंबकालीन देवळांनाही हाच नियम लावा. तुमचा दगड गावातल्या देवळामागे आहे, तेव्हा ग्रामपंचायत, देवळाचे पंच आणि पुजारी या तिघांना आधी भेटा. पत्र द्याच, पण पत्राआधी चहा घ्या. चपला कुठं काढायच्या, आवारात कुणाला कुठवर जाता येतं, दगडाला कुणी शेंदूर किंवा नारळ वाहतं का, हे तिथंच कळतं. एका गावात आम्ही ज्याला दुर्लक्षित म्हणत होतो, त्याला एक आजी दर सोमवारी पाणी घालत होत्या. आम्हाला माहीत नव्हतं एवढंच. पुढच्या वर्षी खेळाचं शेवटचं ठिकाण त्या आजींचा कट्टा केला. आणि हो, धुणं वाळत घालणाऱ्या घरालाही विचारा. दोरी सोडवायला लावून त्यांना गावासमोर लाजवण्यापेक्षा दुसरीकडे एक खुंटी ठोकून द्या.

क्यूआर कोड दगडावर अजिबात नको. डिंक निघताना दगडाची पापुद्री घेऊन निघतो. शिवाय तुमच्याकडे जंगलपट्टीला रेंजचा भरवसा नाही, आणि मुख्य म्हणजे फोन हातात आला की मान खाली जाते. साध्या वहीच्या कागदावर, पोरांनीच चांगल्या अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या करा.

आता भाषा. तुमच्या शाळेत मराठी माध्यम असेल, पण गावात कन्नड बोलणारी घरं असतीलच, शेजारी कन्नड शाळाही असेल. त्यांना बोलवा. मी प्रत्येक चिठ्ठीचं कोडं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये लिहितो, दोन्ही अर्ध्यांत वेगळी माहिती. नुसत्या मराठी गटाला पुढं जाता येत नाही, नुसत्या कन्नड गटालाही नाही. पहिल्या वर्षी दोन-तीन पालक कुरकुरले, पोरं नाही कुरकुरली. सुरुवात 'वीरगळ' याच शब्दानं करायची. पोरांना विचारा, यातला 'गळ' कुठला? माशाचा गळ म्हणतात, गळ्यातला गळा म्हणतात. मग मागच्या रांगेतली एखादी कन्नड घरातली पोर हळूच म्हणते, "कल्लु. कल्लु म्हणजे दगड." वीराचा कल्लु, वीरगल्लु, वीरगळ. आपण मराठीत रोज वापरतो तो शब्द तिच्या घरातला निघतो, आणि त्या पोरीकडे सगळे वळून बघतात.

दगडावर अक्षरं असतील तर ती बहुतेक जुन्या कन्नड वळणाची असतील, क्वचित देवनागरी. कन्नड निघाली की एक बाजू गप्प होते, देवनागरी निघाली की दुसरी. तुम्ही दोन्ही वेळा एकच करा: तिरप्या उजेडात चांगले फोटो काढून धारवाडच्या विद्यापीठात किंवा एखाद्या शिलालेख वाचणाऱ्या प्राध्यापकांना दाखवा. तोवर दगड अमक्या राजाचा, इतक्या वर्षांचा असं पोरांना काही सांगू नका. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, पुढच्या वर्षी ते निबंधात येतं.

एक शक्यता राहिली. त्या दगडावर किंवा शेजारच्या दगडावर कोपरात काटकोनात वळलेला एक हात असेल, बांगड्या भरलेला, तळवा समोर, तर तो सतीचा दगड. सहावीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, ह्या बाईचा नुसता हातच का हाय? बाकीची बाई कुठं गेली?" मी काहीतरी गोल गोल बोलायला लागलो. ती म्हणाली, "जाळली काय?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ तिथंच उभी राहिली, तिचा गट पुढं निघून गेला. असा दगड असेल तर त्यावर कोडं रचू नका, गुण देऊ नका. पोरांना तिथं नेऊन सरळ शब्दांत काय ते सांगा आणि प्रश्न विचारायला वेळ ठेवा. आणि खाली गाढव कोरलेला दगड दिसला, म्हणजे गद्धेगाळ, तर पाचवीच्या पोरांना दुसऱ्या रस्त्यानं न्या. जमिनीचं दान मोडणाऱ्याला त्यावर जी शिवी दिलेली असते ती समजावून सांगायची माझी तरी तयारी नाही.

बाकी किरकोळ. चाळीस पोरं म्हणजे आठ-आठचे पाच गट, प्रत्येकात पाचवीचं एक तरी पोर असू दे आणि चिठ्ठी त्यानंच वाचायची. ठिकाणं सात पुरेत, दीड तासात संपवा. पाचही गट एकदम दगडापाशी येऊ नयेत म्हणून क्रम फिरवून द्या, नाहीतर एक गट वाचतो आणि बाकीचे ऐकतात. कोडी घरात कुणाला दाखवू नका, माझ्या पुतण्यानं एकदा सगळी उत्तरं एका पेप्सीकोल्यावर विकली होती. बक्षीस म्हणून सगळ्यांना कुंदा, आपली बेळगावी मिठाई, जिंकलेल्या गटाला पहिला घास, एवढंच. मोठं बक्षीस ठेवलं की पोरं दगडाकडे बघत नाहीत.

तुम्ही पाठवलेला फोटो दुपारचा आहे. दुसऱ्या चौकटीत डावीकडे जे वर आलंय ते अप्सरेच्या हातातली चवरी आहे की नुसता टवका, हे त्यात कळत नाही. उद्या सकाळी साडेसातला, कडेनं टॉर्च मारून तेवढ्याच भागाचा फोटो काढा. दोरीवरचं धुणं आधी त्या घरच्यांना विचारून बाजूला घ्या. फोटो बघून त्या चौकटीवर कोडं घालायचं की नाही ते सांगतो.